श्मीडाची

हर्मिनेनं ओले हात एप्रनला पुसले आणि स्वयंपाकघराच्या दाराबाहेर ती थांबून राहिली. आत कपाटावरचा रेडिओ चालू होता. युद्धात आणि युद्धानंतरच्या पळापळीत हरवलेल्या मुलांची नावं वाचणारा तो सावकाश, कोरडा आवाज आता तिच्या चांगला ओळखीचा झाला होता. नाव, अंदाजे वय, डोळ्यांचा रंग, सापडल्याची जागा. श्टाडलरबाई चुलीपाशी सूप ढवळत होत्या. मान न वळवता त्या म्हणाल्या,

"या आता. तुमचं अक्षर आलं बघा."

हे दोघींचं न बोलता ठरून गेलेलं होतं. घर श्टाडलरबाईंचं, रेडिओ त्यांचा, आणि माळ्यावरच्या खोलीत सरकारनं आणून टाकलेल्या हर्मिनेला आणि तिच्या सासूला त्यांनी काही हौसेनं बोलावलं नव्हतं. नावं अक्षरवार वाचली जात. सगळी ऐकत बसायचं म्हणजे बाईंच्या स्वयंपाकात पायात पाय. म्हणून हर्मिने अगदी शेवटी येई. तिचं आडनाव त्सेटल, जर्मन वर्णमालेच्या टोकाचं. तोवर ती जिन्यात उभी राहायची, आणि बाकीच्यांची मुलं दारापलीकडून नुसती कुजबुजल्यासारखी ऐकू यायची.

आज शेवटच्या अक्षराची मुलं थोडीच होती. त्सांडर नावाचा एक मुलगा, आणि त्याच्यामागून एकदम त्सीग्लर. मध्ये जिथे रोझल असायला हवी होती तिथे त्या आवाजानं नुसता श्वास घेतला. मग त्सिमरमान, मग संगीत. हर्मिने उगीचच आणखी थोडा वेळ उभी राहिली.

"पुढच्या खेपेला," श्टाडलरबाई म्हणाल्या. प्रत्येक खेपेला त्या हेच म्हणत. मनानं वाईट नव्हत्या.

वर खोलीत सासू बटाटे सोलत बसली होती. बार्बरा आजीचं साल इतकं पातळ निघायचं की त्यातून पलीकडचं दिसावं. तिनं काही विचारलं नाही. हर्मिनेची जिन्यातली पावलं कशी वाजतात त्यावरून तिला कळायचं.

"नव्हती," हर्मिने तरीही म्हणाली.

म्हातारीनं सोललेला बटाटा पाण्यात टाकला आणि दुसरा घेतला.

चार वर्षांपूर्वी, सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात, बोहेमियातल्या त्यांच्या अख्ख्या गावाला मालगाडीत भरून सीमेपलीकडे बव्हेरियात धाडलं होतं. युद्ध हरलेल्या जर्मनांना बोहेमियात आता कुणी ठेवून घेणार नव्हतं. एका डब्यात तीस माणसं आणि त्यांची गाठोडी. हर्मिनेचा नवरा रशियात मातीआड झालेला, सासरा त्याच वसंतात वारलेला. उरल्या होत्या सासू, सून आणि चार वर्षांची रोझल. गाडी कुठेही थांबायची आणि न सांगता सुटायची. असंच एकदा थांबली तेव्हा हर्मिने पाणी आणायला उतरली आणि गाडी हलली म्हणून मागच्या डब्यात चढली. तिला वाटलं, पोर आजीपाशी आहे. आजी तापानं ग्लानीत होती. तिला वाटलं, पोर आईबरोबर पाण्याला गेली. गाडी पुढे आणखी दोनतीनदा थांबली, तेव्हाही दोघी आपापल्या डब्यात निर्धास्त होत्या. संध्याकाळी दोघी समोरासमोर आल्या तेव्हा दोघींचे हात रिकामे होते.

त्या दिवशी दोघी एकमेकींना जे बोलल्या ते त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. काढायची गरजही नव्हती. एकाच खोलीत, एकाच चुलीवर, एकाच दुःखात राहून दोघी जणू भिंतीच्या दोन बाजूंना राहत होत्या.

हर्मिनेनं शोधायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. त्या मार्गावरच्या प्रत्येक स्टेशनात, प्रत्येक नगरपालिकेत, चर्चमध्ये, इस्पितळात ती जाऊन आली होती. नाव रोझालिया त्सेटल. डाव्या मनगटावर भाजल्याचा लहानसा डाग. नाव ती ठासून सांगायची, कारण एका गोष्टीची तिला खात्री होती. पोर कुठेही असो, आपलं नाव नीट सांगेल. ते तिनं स्वतः शिकवलं होतं.

आणि शिकवलं होतं ते हट्टानं. हर्मिने तालुक्याच्या पोस्टमास्तरांची मुलगी. माहेरी पत्रावर जे नाव लिहिलं जातं तेच माणसाचं नाव. लग्न होऊन ती या गावात आली तर गावात निम्मे लोक त्सेटल. त्यामुळे त्सेटल म्हटलं की कुणालाच काही कळायचं नाही. गावात माणसाला घराचं नाव असायचं. हा सुताराचा, तो कोपऱ्यावरचा, ती गिरणीवाल्याची. तिच्या सासरचं घर श्मीडाचं, म्हणजे लोहाराचं. सासरा वेंझल होताही लोहार, त्याचा बापही, आणि त्याच्या आधीचे किती ते कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी दूधवाली तिला म्हणाली, "श्मीडीण, भांडं आणा." हर्मिनेच्या अंगाचा तिळपापड झाला. मी हर्मिने त्सेटल आहे, ती म्हणाली. दूधवाली हसली आणि पुढे आयुष्यभर श्मीडीणच म्हणत राहिली. खरी श्मीडीण अर्थात सासू. पण म्हातारी झाली की सून श्मीडीण होते, असा तो वारसा होता. हर्मिनेनं तो कधी घेतला नाही. कुणी हाक मारली तर ती मागे वळून बघत नसे.

रोझल बोलायला लागली तशी ती तिला मांडीवर घेऊन बसे. तुझं नाव काय? रोझालिया त्सेटल. बरोबर म्हटलं की साखरेचा खडा. आणि पोरगी साखर चघळत भट्टीकडे पळाली की सासरा ऐरणीवरून डोळे मिचकावत विचारायचा, "कुणाची गं तू?" पोरगी ओरडायची, "श्मीडाची!" तिथे साखर नव्हती, पण ठिणग्या होत्या. एकदा एक ठिणगी मनगटावर उडाली, त्यावरून घरात मोठं भांडण झालं, आणि हर्मिनेनं भट्टीकडे फिरकायचं नाही असा दम भरला. उपयोग काय? हातोडा वाजायला लागला की पोर ताटावरून उठून पळायची.

हे सगळं हर्मिनेला आठवत होतं. पण आठवणं वेगळं आणि कळणं वेगळं.

कळलं ते एका साध्या सकाळी. ती अंगणात धुतलेल्या चादरी दोरीवर टाकत होती. श्टाडलरबाईंची बहीण दुसऱ्या गावाहून आली होती, दोघी बाकावर बसून शेंगा निवडत होत्या. तेवढ्यात दूध न्यायला शेजारची लहान मुलगी बरणी घेऊन आली. बहिणीनं तिला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं,

"कुणाची गं तू?"

"वेबरची."

"विणकराची होय! अगंबाई, आजीच्या वळणावर गेलीस की."

मुलगी दूध घेऊन गेली. हर्मिने चादर हातात धरून उभी होती. त्या मुलीला ती ओळखत होती. शाळेत तिचं नाव ओबरमायर होतं. ती तसं म्हणालीसुद्धा.

"असेल कागदावर," श्टाडलरबाई शेंग मोडत म्हणाल्या. "त्यांच्या घरात माग तरी कुठे राहिलाय? कधीच विकला. पण अहो, पोराला नाव कोण विचारतं? कुणाचं ते विचारतात. नाव सांगून पोर घरी थोडंच पोचतं?"

चादर चिखलात पडली. श्टाडलरबाईंनी हाक मारली, पण हर्मिने जिना चढून गेलेली होती.

सासू खिडकीशी मोजा विणत होती.

"आई," हर्मिने धापा टाकत म्हणाली, "रोझलला रस्त्यात कुणी विचारलं असतं, तर ती काय म्हणाली असती?"

"काय म्हणणार? श्मीडाची." म्हातारीनं टाका उचलला. मग सुनेकडे पाहिलं. "तू सांगितलंयस ना तसं? सगळीकडे?"

हर्मिनेनं मान खाली घातली.

सुया म्हातारीच्या मांडीवर आडव्या झाल्या. "चार वर्षं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "चार वर्षं तू त्यांना त्सेटल शोधायला लावलीस?"

हर्मिनेला आता दुसरंच ऐकू येत होतं. ती जिन्यात उभी असताना दारापलीकडून येणारी ती कुजबुज. श्मीड, श्मिड, श्मिट. प्रत्येक खेपेला ती नावं वाचली जात होती, आणि प्रत्येक खेपेला ती आपल्या अक्षराची वाट बघत बाहेर थांबली होती. तिनं दोन्ही मुठी तोंडावर दाबल्या, पण आवाज निघायचा तो निघालाच.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ती जिल्ह्याच्या गावी गेली. हरवलेल्यांच्या कचेरीत टेबलामागे एक हात नसलेला मध्यमवयीन माणूस बसायचा. तो तिला ओळखत होता. किंबहुना ती दारात दिसली की त्याचा चेहरा आधीच पडायचा. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. नाव बदलून घ्या. श्मीड. रोझल श्मीड. त्यानं ऐकून घेतलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

"श्मीड," तो म्हणाला. "बाई, तुम्ही मला विहिरीतून काढलंत आणि समुद्रात ढकललंत."

मग तो उठला आणि आतल्या खोलीत गेला. दुपार होईस्तोवर आतच होता. हर्मिनेनं भिंतीवरच्या मुलांच्या फोटोंकडे बघायचं टाळलं. आज ती आशेनं आली होती. तो परत आला तेव्हा त्याच्या बाहीवर धूळ होती.

"रोझल श्मीड नाही," तो म्हणाला. "रोझा आहेत, रोझमारी आहेत. एक जण तेरा वर्षांची आहे, एकीचे डोळे काळे. मनगटावर डाग असलेली कुणी नाही. श्मिट, श्मिड, सगळे प्रकार बघितले."

हर्मिनेनं मान हलवली. म्हणजे हेही नव्हतं. चार वर्षं चुकीचं दार ठोठावलं असं कळलं, बरोबर दार सापडलं, आणि त्याच्यामागेही कुणी नव्हतं. आता सासूपुढे कुठल्या तोंडानं जायचं?

माणसाला तिची दया आली असावी. त्यानं तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि तिला सावरायला वेळ मिळावा म्हणून तो स्वतःच बोलत राहिला. माझंही नाव श्मिट, तो म्हणाला. आमच्या सात पिढ्यांत कुणी हातोडा उचललेला नाही. बाप शिंपी, आजोबा दारू गाळायचा. सैन्यात आमच्या तुकडीत इतके श्मिट होते की सार्जंट नंबरानं हाका मारायचा. लोकांना वाटतं, पूर्वी देशात लोहारांचा सुळसुळाट होता म्हणून आम्ही इतके. उलटंच आहे. शेतकरी गावात शंभर, म्हणून शेतकरी म्हणून कुणाची ओळख पटत नाही. लोहार मात्र गावात एकच. श्मीड म्हटलं की कुठला, असं विचारावंच लागायचं नाही. असे गावोगावचे एकेक जमून आमची ही जत्रा झाली.

"गावात एकच?" हर्मिनेनं विचारलं. प्रश्न असा नव्हता, नुसतं तोंडातून आलं.

"एकच. दोघांची पोटं भरायला घोडे कुठून आणायचे?"

तिनं पेला खाली ठेवला.

"मग एखाद्या गावात एक परकी पोर रस्त्यात सापडली," ती सावकाश म्हणाली, "लोकांनी विचारलं कुणाची, आणि ती म्हणाली श्मीडाची. तर लोक काय करतील?"

"काय करणार? श्मीडाकडे नेऊन सोडतील." तो म्हणाला, आणि मग त्याचा उरलेला हात टेबलावर होता तिथेच राहिला.

"तुमच्याकडे नाही आणणार."

"नाही," तो म्हणाला. "आमच्याकडे हरवलेली मुलं आणतात."

परत येताना बसमध्ये हर्मिनेला मार्गावरची गावं आठवेनात. चार वर्षं तिनं स्टेशनं पालथी घातली होती. एकाही गावात ती लोहाराकडे गेली नव्हती. कशाला जाईल? लोहाराच्या दारात पाय न ठेवणं हा तिचा स्वभावच झाला होता. पण गाडी थांबली होती किती ठिकाणी! शिवाय सगळीकडे कुठे स्टेशन होतं? कधी शेतात थांबली, कधी रानात.

सासूला तिनं काही न लपवता सांगितलं. स्वतःचा दोषही सांगितला. इतकी वर्षं दोघींमध्ये जे नव्हतं ते आज होतं, म्हणजे नुसतं बोलणं. म्हातारी ऐकत होती. मध्येच तिनं विणकाम बाजूला ठेवलं.

"मी ऐकला होता," ती म्हणाली.

"काय?"

"हातोडा. गाडी थांबली होती तेव्हा. मी तापात होते. मला वाटलं, ह्यांचा आवाज आहे. ह्यांना पुरून चार महिने झाले होते. मी म्हटलं, बायका मरायला टेकल्या की असे आवाज ऐकतात. आपलीही वेळ आली." तिनं शालीचं टोक डोळ्यांना लावलं. "तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, झालं, आता मेल्यावरही ह्यांचं श्मीडपण सुटत नाही."

तिनं तसंच म्हटलं असतं. हर्मिनेला ते नाकारता आलं नाही.

"बाहेर काय दिसत होतं, आई? काही आठवतंय?"

"खांब," म्हातारी म्हणाली. "दाराच्या फटीतून उंचच उंच खांब दिसत होते, वरून तारा ओढलेल्या. नुसते खांबच खांब. वेल चढलेले."

हॉपचे मळे. बिअरमध्ये घालतात ती बोंडं त्या वेलांना लागतात, आणि त्या मार्गावर असे मळे एकाच पट्ट्यात होते. हर्मिने सासूजवळ जमिनीवर बसली. म्हातारीनं तिच्या केसांवर हात ठेवला, थोडा वेळच, आणि मग काढून घेतला.

निघताना म्हातारीनं तिला भाकरी बांधून दिली. दाराशी येऊन ती म्हणाली, "नाव विचारू नकोस हो. कुणाची ते विचार."

हॉपच्या तोडणीचे दिवस होते. गाडी शहरातून आलेल्या तोडणीवाल्यांनी भरलेली होती; टोपल्या, पोरंबाळं, गाणी, आरडाओरडा. मळ्यांच्या पट्ट्यात लहान लहान थांबे होते. पहिल्या थांब्यावर हर्मिने उतरली आणि फलाटावर उभी राहून नुसती ऐकत राहिली. काही ऐकू आलं नाही. तरी ती गावात गेली, श्मीडाचं घर विचारलं. लोहार ट्रॅक्टर दुरुस्त करत होता, त्याला पाच मुलगे, आणि कुठलीही पोर त्याच्याकडे कधी कुणी आणली नव्हती. तो भला माणूस होता, पाणी विचारलं. पुढच्या गावातला लोहार युद्धातून आलाच नव्हता. भट्टीत कोंबड्या ठेवल्या होत्या. तिथल्या विधवेनं दार पुरतं उघडलंसुद्धा नाही.

तिसऱ्या थांब्यावर ती उतरली तेव्हा तिचे पाय सुजले होते आणि मनात एकच गोष्ट फिरत होती. म्हातारी तापात होती. तापात माणसाला काहीही ऐकू येतं. त्या एका भासावर आपण इथवर आलो. इथे काही नसेल तर यापुढे शोधायला काहीच उरणार नव्हतं. नाव संपलं होतं, स्टेशनं संपली होती. गाडी फुसफुसत निघून गेली. तोडणीवाले गलका करत मळ्यांकडे वळले. गलका लांब गेला आणि फलाट शांत झाला.

मग तिनं ऐकलं. एक जड ठोका आणि मागून दोन हलके. लोखंड उलटवताना ऐरणीवर हातोडा नुसता आपटून ताल धरतात तसं. सासऱ्याचं हेच होतं. तिला तेव्हा या आवाजानं डोकं दुखायचं.

ती चालत नव्हती, तो आवाजच तिला ओढत होता. रुळांना लागून पायवाट होती, पायवाटेच्या शेवटी बुटकं कौलारू घर, अंगणात खोललेलं गाडीचं चाक. चार वर्षांच्या पोराला एकट्यानं चालून येता येईल इतकंच अंतर. भट्टीच्या दाराबाहेर उलट्या बादलीवर एक मुलगी बसली होती. पावाला आलुबुखारचा मुरंबा लावून खात होती. सोनेरी वेण्या, खरचटलेले गुडघे, तोंड मुरंब्यानं माखलेलं. आठ वर्षांची मुलगी कशी दिसते हे हर्मिनेला माहीत नव्हतं. तिच्या मनात पोर चार वर्षांचीच राहिली होती.

मुलीनं पाव धरलेला हात वर केला आणि बाही मागे सरकली. मनगटावर डाग होता. एक नाही, तीनचार. लोहाराच्या घरातल्या कुठल्या मुलीला नसतात?

"तोडणीला आलात का?" मुलगी म्हणाली. इथल्याच बोलीत, इथल्याच हेलात. "मळा तिकडे. तुम्ही वाट चुकलात."

हर्मिनेचा हात आपोआप खिशात गेला होता. खिशात साखर नव्हती. ओठावर जे वाक्य आलं, तेच जुनं, तुझं नाव काय, ते तिनं गिळलं.

"कुणाची गं तू?"

"श्मीडाची," मुलगी म्हणाली. हे काय विचारायचं, असा तिचा चेहरा होता. मग पाहुण्यांशी कसं बोलायचं ते शिकलेली असल्यासारखी म्हणाली, "आणि तुम्ही कोण?"

घरातून एक बाई दारात आली होती. हात पिठाचे, चाळिशी उलटलेली. तिनं हर्मिनेच्या धुळीनं भरलेल्या पायांकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. हर्मिनेच्या आणि मुलीच्या कपाळावर केसांचं तेच टोक खाली उतरलेलं होतं. तिनं चौकट धरली. चौकटीवर पिठाची बोटं उमटली. ती ओरडली नाही, कोण हवंय असंही तिनं विचारलं नाही. कुणीतरी येणार हे ज्याला रोज ठाऊक असतं आणि कुणी येऊ नये म्हणून जो रोज देवाला हात जोडतो, तसा माणूस तिच्या डोळ्यांत उभा होता.

हर्मिनेनं तिच्याकडे पाहिलं. मग ती मुलीपुढे गुडघ्यांवर बसली. जे नाव तिनं दूधवालीला परत केलं होतं, जे ऐकून ती कधी मागे वळली नव्हती, ते तिला आता सापडेना. आत हातोडा थांबला.

"मी," ती म्हणाली, "मी श्मीडीण."

मुलगी हसली. मुरंब्याचं तोंड पसरून खदखदून हसली.

"काहीतरीच! श्मीडीण तर माझी आई आहे."

दारातल्या बाईनं तिची चूक दुरुस्त केली नाही. हर्मिनेनंही केली नाही.